टेपचं दुसरं टोक

३ मार्च
माफी असावी. ही वही जानेवारीतच सुरू करायची होती. पण घाई करणाऱ्या शिंप्याचं कापड वाया जातं. संकल्प : याच महिन्यात मृत्युपत्र. दोन्ही खोल्या सुनेला. थोरला मुलगा वारल्यापासून तीच माझं सगळं बघते. मी न लिहिता गेलो, तर धाकटा तिला दारात उभं करणार नाही. तिला आत्ता सांगायचं नाही. एकदम कागदच हातात.

९ मार्च
वकीलबाईंकडे निघालो. वाटेत डॉक्टर भेटले. म्हणाले, तब्येत ठणठणीत. मग घाई कशाची? परत आलो. मृत्युपत्र केलं की माणूस फार टिकत नाही, असं समोरच्या इस्त्रीवाल्याचं मत. मी असलं काही मानत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.

२२ मार्च
धाकटा आलाय. म्हणाला, बाबा, बँकेच्या रांगेत कशाला ताटकळता, मला मुखत्यार करा. पोराला बापाची किती काळजी! कागद कोर्टाच्या भाषेतला. मी सातवी नापास, हे रजिस्ट्रारच्या ऑफिसात चारचौघांना कशाला कळायला हवं? चष्मा लावला, पानं उलटली, मध्ये एकदा ‘हं’ केलं. क्लार्कने विचारलं, आजोबा, वाचलंत ना? म्हटलं, शब्द न् शब्द. सही झोकात आली.
सून म्हणाली, मला तरी दाखवायचा होता. म्हटलं, तुला यातलं काय कळतं? (ती हायस्कूलात शिकवते.)

५ एप्रिल
मृत्युपत्राला बसलो. ‘मी, पूर्ण शुद्धीत राहून’ इथपर्यंत फार छान आलं. मग मशीनला तेल घातलं.

११ एप्रिल, दुपार
एक माणूस खोल्या मोजायला आला. धाकट्याने पाठवलेला. रंग काढायचा असणार. बिचाऱ्याला टेप नीट धरता येईना. दुसरं टोक मी धरलं. जन्मभर लोकांच्या छात्या-कंबरा मोजलेला हात! खिडकीजवळचा कोनाडा मोजायचा राहत होता, तोही मीच दाखवला. सुनेने चहा आणला. तिने विचारलं, रंग कधीपासून? तो म्हणाला, रंग नाही ताई, विक्री. पार्टी तयार आहे.
सून आत गेली. चहा मी संपवला.

संध्याकाळ
धाकट्याला फोन लावला. म्हणाला, बाबा, अधिकार तुम्हीच दिलात की. वाचलं नव्हतं का?
म्हटलं, वाचलं होतं.

१२ एप्रिल
वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. बँक एका ओळीत, विकायचा अधिकार पानभर. म्हटलं, मग मृत्युपत्र आजच उरकू. त्या म्हणाल्या, काका, मृत्युपत्र म्हणजे तुमच्या पश्चात जे उरेल त्याचं. त्याआधीच खोल्या विकल्या गेल्या तर सुनेला काय देणार, टेप? आधी मुखत्यारपत्र रद्द करा. मुलाला लेखी कळवा, घेणाऱ्यालाही. मृत्युपत्र त्यानंतर.
घरी आलो. सुनेने पुस्तकं खोक्यांत भरली होती. म्हणाली, बाबा, मला जा म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं. माणूस कशाला पाठवलात? वर टेप धरून उभे!
म्हटलं, अगं, हे सगळं मी तुलाच ठेवलंय. तिने विचारलं, कुठे लिहिलंय?
दाखवलं. ‘मी, पूर्ण शुद्धीत राहून’.
तिने खालची कोरी जागा बघितली. कागद परत माझ्या हातात दिला.

१३ एप्रिल
धाकट्याला पत्र. अक्षर सुनेचं, माझं वकीलबाईंना लागेना. दिलेला अधिकार काढून घेतला आहे, इथवर सांगितलं. तिने विचारलं, कारण काय लिहू? फसवलं, असं लिही म्हणणार होतो. म्हटलं, लिही, बाबांना वाचता आलं नव्हतं.
तिचं पेन थांबलं. मग लिहिलं.
खाली मी माझ्या हाताने चार ओळी घातल्या. इथे उतरवून ठेवतो :
कुठे सही केली नसशील तर करू नकोस, आणि तसं लगेच कळव. केली असलीस तरी कळव. वहिनीची खोकी अजून दाराशीच आहेत. लवकर कळव.