टोपीचं माप

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. (वाकून करतो, पण सध्या दोराला लटकलोय.)

दीपस्तंभ रंगवायचं काम मिळालंय! खाली समुद्र, डोक्यावर पक्षी, काल एकानं तर थेट माझ्या डब्यात... जाऊ दे, विषय तो नाही. विषय तुझी गाठ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कॅन्सर, पण लवकर सापडला. ऑपरेशन, मग औषधं, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात बरी होशील. रडू की नाचू? दोन्ही केलं. मुकादम बघतच राहिला.

पण मुलांना कळू द्यायचं नाही, हे काही पटलं नाही. बाबा आजारी होते तेव्हा मला मावशीकडे धाडलं होतं, आठवतं? नऊ वर्षांचा होतो. झोके घेऊन परत आलो, तर खाट उचललेली. तेव्हापासून कुठल्याच घरी माझा पाय टिकत नाही. सांग त्यांना.

तुझा लटकलेला,
धाकटा भाऊ

११ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि दोर दोनदा तपासत जा.

तू म्हणालास म्हणून नाही, पण सांगावंच लागणार. शिवणाचा सराव म्हणून मुलं दर महिन्याला माझी मापं घेऊन वहीत लिहितात, ठाऊक आहे तुला. या महिन्यात मी टेप अंगाला लावूच दिली नाही. त्यात दवाखान्याच्या फेऱ्या, दार लावून कुजबुज, तुझे भावोजी मला बादली उचलू देईनात. पोरांनी काय ताडावं?

काल मशीनच्या खणात मुठीएवढी टोपी सापडली. छोट्यानं शिवलेली. थोरलीला विचारलं, तर लाजत म्हणाली, बाळाची. नावही ठरलंय, कडेवर घ्यायच्या पाळ्याही! मी हसत सुटले, मग हसू थांबेना आणि रडूही. इतका आनंद मोडायचा कसा? पण रोज वाढू तरी कसा देऊ? उद्या रविवार. उद्या सांगते.

तुझी काळजी करणारी (तेवढं जमतंय अजून),
ताई

२० मार्च

चि. शिवणकाम कंपनीस,
मामाचे ढीगभर पापे.

थोरले, तुझं पत्र वाचलं आणि जिना उड्या मारत उतरलो! म्हणजे आईनं सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. केस जातील हेही. बाळ नाही म्हणून छोटा फुरंगटून पलंगाखाली गेला, आणि बाहेर आला तो टेप घेऊनच! आईला म्हणाला, हलू नकोस, डोकं मोजतो. वा रे पठ्ठ्या! बाळाची टोपी उसवून चार पट्ट्या जोडल्यात, तरी आईला कानावर घट्टच, असं लिहिलंयस.

पाचवी पट्टी माझ्या सदऱ्याच्या बाहीची. पोस्टानं नाही, अंगावर घालून आणतो. ऑपरेशन अठ्ठावीसला, मी पंचवीसला दारात. स्तंभ अर्धाच पांढरा राहील, राहू दे, दिवा तर पेटतोय.

आणि त्या वहीत माझंही एक पान काढा. पुढच्या महिन्याच्या मापाला मी असेन. त्याच्या पुढच्याही.

लोभ टोपीत जपून ठेवा,
तुमचा मामा