हाताची घडी

२ मार्च, सोमवार

टिटवीने रिलेच्या संघाच्या निवडीतून नाव काढून घेतलं. मला न विचारता! खेळाच्या बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, तेव्हा कळलं. वर तक्रार वेगळीच — मुलगी उद्धट झालीय. सगळ्या मुली व्यायाम करतात आणि ही हाताची घडी घालून उभी. दहादा सांगितलं तरी घडी सोडत नाही.

घरी येऊन चांगलं खडसावलं. मोठ्यांसमोर हाताची घडी घालून उभं राहायचं नाही, हे मी ती बोबडं बोलायची तेव्हापासून सांगतेय. तिचं एकच — "मला आता पळायला आवडत नाही." तेरा वर्षांची पोरगी. नीट चालायला लागायच्या आधी पळायला लागली, म्हणून तर सासूबाईंनी टिटवी हे नाव पाडलं. आणि आता आवडत नाही म्हणे! आळस. मोबाइल. दुसरं काय असणार.

रागाच्या भरात बोलून बसले की पळायला असं काय लागतं, या वयात मीसुद्धा पळून दाखवेन. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, मैदानाची एक पूर्ण फेरी, न थांबता. तू पळालीस तर मी निवडीला जाते. निवड एकवीस तारखेला, शनिवारी.

सुतारसाहेब — म्हणजे आमचे हे — अंगणात रंधा मारत होते. त्यांचा रंधा मध्येच थांबला. हसत होते. दिसलं मला.

४ मार्च, बुधवार

गेले मैदानावर. जुने बूट, सैल पँट, टी-शर्ट. आतून रोजचीच. रोजची म्हणजे खरोखर रोजची — तिच्या इलॅस्टिकने कधीच मान टाकलीय.

पळायला लागले आणि लक्षात आलं की मी एकटी पळत नाहीये. मी डावीकडे, तर सगळा ऐवज उजवीकडे. मी थांबले तरी त्याचं चालूच. शेवटी दोन्ही हात छातीवर घट्ट आवळले आणि तशीच तुरुतुरु निघाले. वळणावर मैदानाचे राखणदार काका काठी टाकून धावत आले. "ताई, छातीत दुखतंय का?" हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं. मी काही सांगायला गेले तर म्हणे, बोलू नका, आधी दीर्घ श्वास घ्या. हे मला! दिवसभर बायकांना हेच सांगून तर मी पगार घेते.

फेरीचा पाव हिस्सा झाला असेल जेमतेम. आणि दुपारपर्यंत खरंच दुखत होतं. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते.

५ मार्च, गुरुवार

दवाखान्यात मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर आज रांगच रांग, सगळ्या बायका छातीच्या तपासणीला. एक आजी अंगाभोवतीचा गाऊन सोडायलाच तयार नाहीत. माझं नेहमीचं सुरू — खांदा सैल सोडा, हनुवटी वर, लाजू नका, माझं रोजचं काम आहे. श्वास घ्या, धरा, सोडा. झालं! आजी जाताना म्हणाल्या, बाई, तुमच्याशी बोललं की संकोच कुठच्या कुठे पळतो.

जेवणाच्या सुट्टीत विचार करत बसले. इतकी वर्षं या मशीनसमोर बायकांना उभं करतेय. कुणाला कुठे काचतं, कुणाच्या खांद्यावर पट्ट्याने खड्डा पाडलाय, सगळं डोळ्यांना दिसतं. स्वतःचं माप मात्र मी आजवर घेतलेलंच नाही! आई आम्हा बहिणींसाठी एकदम डझनभर आणायची, सगळ्या चौतीस. लठ्ठ, रोड, सगळ्यांना तेच. "घरचं माप" म्हणायची. मी अजून दुकानात जाऊन खालच्या आवाजात "चौतीस" म्हणते, कागदात गुंडाळलेलं घेते आणि बाहेर पडते. चोरीचा माल घेतल्यासारखं.

मोठ्या सिस्टरांना माझी व्यथा सांगितली. त्यांच्याकडे तोडगा तयार — एकावर एक दोन घाल.

७ मार्च, शनिवार

दोन घातल्या. अर्ध्या फेरीपर्यंत बरी गेले. मग वरचीचा हूक तुटला आणि कुठे उडाला देव जाणे. पुन्हा हात छातीवर. काका या वेळी पाण्याची बाटली घेऊनच उभे होते.

टिटवी बाकावर बसून बघत होती. एवढ्या उकाड्यात टी-शर्टच्या आत बनियनवर बनियन. विचारलं तर म्हणे थंडी वाजते. पोरीचं सगळंच उलटं झालंय हल्ली.

८ मार्च, रविवार

अंग ठणकतंय. पळाले नाही. लिहायलाही हात उचलत नाही.

१० मार्च, मंगळवार

फोनवरून मागवलेली स्पोर्ट्‌स ब्रा आली. मापात स्मॉल. माझा हिशेब असा की घरचं माप चौतीस, चौतीस म्हणजे काही फार नाही, तेव्हा स्मॉल. शिवाय मीडियमवर बोट ठेवायला मन होईना. तीन बहिणींत मी बारीक गणले जायचे. बारीक होते त्याला आता किती काळ लोटला, ते बोटाला कुणी सांगावं!

हूकबिक काही नाही, डोक्यातून घालायची. डोकं गेलं. हात गेले. आणि मग ती काखेत गुंडाळून बसली. ना वर, ना खाली. दोन्ही हात आकाशाकडे, तोंड कापडात. शेवटी हाका मारल्या. टिटवीने दार उघडलं, पाहिलं, आणि आजीला घेऊन आली.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहणी केली. "कात्री आणू का?" मी आतून ओरडले की नवीन आहे. "मग श्वास सोड. सगळा सोड." दोघींनी मिळून ओढली. निघाली तेव्हा सासूबाई पलंगावर बसून डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, आमच्या वेळी पळायची वेळ आली तर बायका हाताने धरून पळायच्या, आणि पोचायच्या वेळेवर.

परत पाठवायला गेले तर अंतर्वस्त्रं परत घेत नाहीत. टिटवी तिथेच रेंगाळत होती. ही आता कोण घालणार, म्हणून विचारलं. मी म्हटलं कोणी नाही, पडेल कपाटात. असल्या चौकशा बऱ्या सुचतात. निवडीचं विचारलं की तोंडाला कुलूप!

१२ मार्च, गुरुवार

माप घ्यायचंच असं ठरवलं. शिवणाचा टेप सापडेना. सुतारसाहेब म्हणाले, त्यात काय, मी घेतो. त्यांचा तो पोलादी टेप! बर्फासारखा गार. शिवाय मध्येच सुटून खाटकन गुंडाळला. मी किंचाळले, सासूबाईंनी बाहेरून विचारलं की काय पाडलंत.

पेन्सिल कानावरून काढून हातातल्या फळीवर आकडे लिहिले. एक छातीवरून, एक छातीखालून. काम मात्र मन लावून करतो माणूस, दोन-दोनदा माप घेतलं. मी खूश. ते आकडे दाखवून संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी घेऊन आले.

१३ मार्च, शुक्रवार

अडकली नाही. अजिबात नाही. पळताना सरकत-सरकत पोटावर आली आणि तिथे स्थिरावली. मी घरी आले ती कमरेला दोन कप बांधून.

चौकशी केली. सुतारसाहेबांनी दोन्ही आकड्यांत थोडं-थोडं वाढवून लिहिलं होतं! "अगं, खण नेहमी जरा सैल ठेवायचा. पावसाळ्यात फुगला की अडकत नाही." यांच्याशी संसार करतेय मी.

१५ मार्च, रविवार

मोठ्या दुकानात गेले. काउंटरवर बाप्या. तो माझ्याकडे न बघता छताशी बोलत होता — ताई, ही घ्या, फ्री साइज, सगळ्यांना बसते. पूर्वीची मी असते तर घेऊन पळाले असते. पण आज म्हटलं, सहा द्या, वेगवेगळ्या मापांच्या, मी घालून बघणार. त्याने छतालाच मान डोलावली.

आत गेले, कडी लावली. आरशासमोर उभी राहिले आणि चक्क लाजले. एकटीच! मग स्वतःलाच म्हटलं, खांदा सैल, हनुवटी वर, लाजू नका, माझं रोजचं काम आहे. श्वास घ्या. पहिलीत श्वास घेताच येईना — बाद. दुसरीत काखेतून ऐवज बाहेर. तिसरीचा पाठीवरचा पट्टा हात वर केले की मानेकडे चढायला लागला. म्हणजे सैल. चौथीचे खांद्यांवरचे पट्टे रुतत होते. सगळं वजन खांद्यांवरच टांगलेलं, खालचा रुंद पट्टा नुसता शोभेला. खरं काम त्या खालच्या पट्ट्याने करायला हवं, हे मला मशीनवर उभ्या बायकांचे खांदे बघून केव्हाच कळायला हवं होतं. पाचवीचा पट्टा पाठीवर सरळ आडवा बसला, दोन बोटं आत गेली, तिसरं नाही. कुठे फुगवटा नाही, कुठे पोकळी नाही.

मग उड्या मारल्या. जागेवर धावले. दोन्ही हात गरगर फिरवले. दारावर टकटक. "ताई, काय पडलं का?" मी म्हटलं, काही पडलं नाही, पहिल्यांदाच काही पडत नाहीये.

छत्तीस! पाचवीच्या चिठ्ठीवर छत्तीस. म्हणजे मी आजवर आईच्या मापात राहत होते. घरी येताना उगाच भरून आलं. आईला कुणी कधी विचारलं असेल का, तुला कुठे काचतंय?

सासूबाईंनी धुऊन दोरीवर टॉवेलखाली घातली. आमच्या घरी ही वस्तू कायम टॉवेलखालीच वाळते.

१७ मार्च, मंगळवार

झाली! पूर्ण फेरी! न थांबता! शेवटच्या वळणावर जीभ बाहेर आली होती, एक म्हातारे गृहस्थ मला चालत मागे टाकून गेले, पण थांबले नाही. आणि हात मोकळे, दोन्ही बाजूंना हलत होते, माणसासारखे. राखणदार काका बाटली घेऊन तयार होते. थोडे हिरमुसलेच.

टिटवी बाकावर दप्तर पोटाशी कवटाळून बसली होती. म्हणाली, "दुखलं नाही?" मी म्हटलं छे, काही हललंसुद्धा नाही. तिने दप्तर आणखी आवळलं. मला वाटलं, हरली म्हणून.

घरी येऊन सांगते, मी निवडीला जाणार नाही. शब्द दिला होतास, म्हटलं. तर म्हणे, "ते वेगळं होतं. तुला नाही कळणार." मला नाही कळणार! मी तोंडाला फेस आणून पळाले कुणासाठी? रागाने नको ते बोलले. आळशी म्हणाले, खोटारडी म्हणाले. तिने दार लावून घेतलं. जेवायलाही आली नाही. मलाही घास गेला नाही. ही पोरगी पळताना इतकी छान दिसायची. ते पुन्हा दिसणारच नाही का मला?

१८ मार्च, बुधवार

अबोला. सासूबाई इकडचे निरोप तिकडे पोचवतात आणि मधल्या मध्ये दोघींना ऐकवतात.

२० मार्च, शुक्रवार

ती छोटी ब्रा दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीला द्यावी म्हटलं. अगदी काडी आहे ती. कपाट उघडलं तर गायब! सासूबाईंवर संशय. नवी-जुनी न बघता त्या कशानेही पंखे पुसतात. विचारलं तर केवढ्या तरी रागावल्या — "मी घेऊन काय करू? माझा एक दंडसुद्धा जायचा नाही तिच्यात." सुतारसाहेबांनी फळ्या आवळून बांधायला नेली असेल म्हणून अंगणातलं सगळं लाकूड उपसलं. नाही. घरातली वस्तू जाते कुठे!

उद्या निवड. तो विषय मी काढला नाही. तीही नाही.

२१ मार्च, शनिवार

सकाळी टिटवीच्या पलंगावर दोन बनियन, नीट घडी घालून ठेवलेले. बूट जागेवर नाहीत.

किती वेळ त्या बनियनांकडे बघत उभी होते. ती हाताची घडी. ते दप्तर. ती थंडी. दिवसभर परक्या बायकांना सांगते, लाजू नका, आणि घरात जिला सांगायचं तिला उद्धट म्हणाले. मला अजून रडू येतंय.

तशीच चपला घालून शाळेच्या मैदानावर गेले. कुंपणाबाहेर उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. शिट्टी झाली. माझी टिटवी सुटली.

दोन्ही हात मोकळे.