अक्काचा कॉलेजप्रवेश

लातूर, ता. १२ मे २०२४

ती. अक्कास,
वीरण्णाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागद काढला. आपल्या मेडिकल कॉलेजची इमारत उभी राहिली. डाळमिलवाला कॉलेज काढतो म्हणून हसणारेच आता पोरांच्या प्रवेशासाठी फाटकात उभे असतात.

अडलंय एकाच ठिकाणी. चिरफाड शिकवायला मृतदेह लागतात. ते नसले तर मान्यता नाही. काल देहदानाचा मेळावा घेतला. पाहुण्या पुढाऱ्यानं त्यागावर लांबलचक भाषण ठोकलं. शाली संपल्या, बुंदी संपली, पण नाव द्यायला एक माणूस उठला नाही, पुढारीसुद्धा नाही. आपल्या लिंगायतांत तर देह बसवून पुरायचा. कापायचं नाव काढलं की माणसं चपला शोधतात. देवणीत तुझा शब्द चालतो. दोन-चार म्हाताऱ्यांना समजावशील का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझा वीरण्णा

देवणी, ता. २० मे २०२४

चि. वीरण्णास अक्काचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मडिवाळप्पाला विचारलं. कॉलेजच्या मालकानं स्वतःचं नाव घातलंय का, असं त्यानंच मला विचारलं. घातलंस का रे? लहानपणी सुईवाला कंपाउंडर दिसला की कणगीमागं लपायचास.

म्हाताऱ्यांचं राहू दे, माझं नाव लिही. शेतात तुझ्या दाजींच्या समाधीशेजारी माझी जागा ठेवलीय. जन्मभर त्यांचं घोरणं ऐकलं, आता कायमचं शेजारी बसायची हौस नाही. पोरगा राजशेखर आधी रडला, मग ‘हाव, दे नाव’ म्हणाला. गळ्यातलं लिंग तेवढं तू तुझ्या हातानं उतरव.

तुझ्या सुनेला आशीर्वाद. माया राहू दे.
तुझी अक्का

लातूर, ता. २ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मान्यता मिळाली! देहांची सोय दुसऱ्या कॉलेजातून झाली. तेव्हा तुझं नाव मी खोडलं.

खरं सांगू? तपासणीवाल्यांबरोबर चिरफाडीच्या हॉलमध्ये गेलो. टेबलावर एक म्हातारी होती. तुझ्यासारखेच बारीक पांढरे केस. फोन आल्याचं सोंग करून बाहेर पळालो आणि जिन्यात बसून रडलो. तुला मी तिथं बघू शकणार नाही. गुपचूप दाजींशेजारी बस.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
वीरण्णा

देवणी, ता. ९ ऑगस्ट २०२४

चि. वीरण्णास आशीर्वाद, आणि एक चापटसुद्धा.

तुझं कॉलेज चालावं म्हणून मी नाव दिलं असं वाटलं तुला? लई शहाणा लागून गेलास.

तू जन्मलास आणि तुला सांभाळायला अप्पांनी मला चौथीतून काढलं. पुढं तुझं दप्तर मीच शाळेच्या दारापर्यंत न्यायची. आत पोरं पाढे म्हणायची. मी तिथूनच परत फिरायची, वाटेत मोठ्यानं पाढे म्हणत. तुझ्यावर कधी राग धरला नाही, पण त्या दाराचा राग अजून आहे.

तुझ्या लातुरात पोरं क्लास लावून लावून वाळून चाललीत, आणि मला परीक्षेशिवाय डॉक्टरांच्या वर्गात जागा मिळत होती, तर सख्खा भाऊच नाव खोडतो! ते पुन्हा लिही. रडायचं तर खुशाल रड, फोनचं सोंग करू नकोस.

वेळ येईल तेव्हा तू मला दारापर्यंत पोचव. या खेपेला आत मी जाणार.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का