गोदूबाईचा दम

प्रिय दिपेश,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच: मशीन सुरू झालंय. आपलं आवाज भरून वाजवायचं काळं सॅम्पलर बावीस वर्षं वर्तकनगरच्या घरात माळ्यावर पडून होतं, ते परवा सकाळी साडेनऊला उजळलं. फ्लॉपी ड्राइव्हमधला रबरी पट्टा विरघळून काकवी झालेला. टेपरेकॉर्डरचा एक पट्टा आणला, तो चार मिलिमीटर मोठा निघाला, मग दुसरा आणला. कुणाला विचारलं नाही. तुला माहीतच आहे, मी विचारत नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे मालूच्या हाती देतोय. तुझी ही बहीण मला खोपटच्या एसटी डेपोत भेटलेली. तिनेच सांगितलं की तुझ्या दक्षताची हळद चौदा डिसेंबरला आहे, तुझ्या शहाडच्या घरी, आणि हळदीची गाणी, आपले धवले, गायला कुणी धवलारीण मिळत नाही. पोरी म्हणतात मोबाइलवर लावू. गोदूबाई धवलारणीच्या नातीची हळद आणि धवले मोबाइलवर, तेही कुणा दुसऱ्याच बाईच्या आवाजात. मी मालूला तिथेच म्हणालो, "तुझ्या आईचा आवाज जगात एकाच फ्लॉपीवर आहे आणि ती माझ्याकडे आहे." मालू म्हणाली, "ती चालते का अजून ते बघ आधी, मग फुशारक्या मार."

आठवतंय ना, काय काय बसवलेलं आपण त्या मशीनमध्ये? दोन एमबी मेमरी. पूर्ण दर्जाने आवाज भरला तर तेवीस सेकंदांत मशीन हात वर करायचं. आणि आपल्याला त्यात अख्खी बेंजो पार्टी हवी होती: ढोलकी, संबळ, सनई आणि वर तुझ्या आईचे, गोदूमावशीचे धवले. कल्याणच्या दुकानातला तो शिकलेला माणूस हसलेला माझ्यावर. मी इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. ढोलकी कॅसेटवरून दुप्पट वेगाने वाजवून भरली आणि एक सप्तक खालच्या पट्टीवर वाजवली. निम्मी जागा वाचली. सनईचा सूर अख्खा ठेवलाच नाही. सुरुवात ठेवली आणि पुढचा एक बारीक तुकडा गोल फिरत ठेवला, म्हणजे तुझं बोट पट्टीवर असेतोवर सूर चालू. त्या जोडावर 'टक्' व्हायचं, ते घालवायला अकरा दिवस लागले. तू म्हणायचास, "चंदू, लग्नात कोण ऐकतंय तुझा टक्?" मी ऐकत होतो रे.

मावशी मात्र ऐटीत आलेली. डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातून रिक्षाने, नऊवारी नेसून, जसं काही मांडवातच निघाली आहे. मी समजावून सांगितलं की हे यंत्र आवाज पोटात भरून घेतं आणि पट्टी दाबली की बाहेर काढतं. त्यावर ती म्हणाली, "म्हंजे खातं नि मंग ओकतं." तिचा आवाज मी निम्म्या दर्जाने भरला. त्यात वरचं बारीक काहीतरी हरवतं, पण मावशीचा आवाज मुळातच खालचा, जाड. तिचं काही गेलं नाही. फक्त गाण्याआधी ती जो लांब दम घ्यायची आणि काहीबाही बोलायची, ते सगळं मी छाटलं. पाच पूर्णांक चार सेकंद. वहीत तारखेसकट लिहिलंय.

मग मालूचं लग्न. मावशी जाऊन आठ महिने झालेले. मी पट्टी दाबली, तिचा आवाज मांडवभर गेला आणि हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. तू माझ्याकडे आलास. "आय अशी गात नाय. आय पयला दम घेते. माझ्या आयचा दम कापलास तू." आणि मी, सगळ्यांसमोर, तुला काय सांगितलं? की पाच पूर्णांक चार सेकंद वाचले, त्यात संबळ बसली. चुकलो म्हणायच्या जागी मी तुला आकडा दिला. तू वायर ओढलीस आणि गेलास.

आता नीट ऐक. फ्लॉपी पहिल्या तीन वेळा वाचली गेली नाही, चौथ्यांदा वाचली गेली. पडद्यावर मावशीच्या आवाजाची लांबी आली: सोळा पूर्णांक सहा सेकंद. माझ्या वहीत अकरा पूर्णांक दोन. माझी वही चुकत नाही, म्हणून पुस्तिका काढली. पान सत्तेचाळीस, जे वाचल्याशिवाय मी कुणाला मशीनला हात लावू द्यायचो नाही. सुरुवातीची खूण पुढे सरकवली की यंत्र तिथून वाजवतं, पण मागचं पुसत नाही. पुसायला तेच बटण दुसऱ्यांदा दाबावं लागतं. दिपेश, मी ते दुसऱ्यांदा दाबलंच नव्हतं. म्हणूनच तेव्हा सनईचा वरचा सूर बसेना आणि मी तिला आणखी तासत बसलो. मी स्वतःला एवढा हुशार समजायचो, आणि ज्या पाच पूर्णांक चार सेकंदांपायी आपलं बोलणं तुटलं, ते कापलेच गेले नव्हते.

खूण शून्यावर आणली, पट्टी दाबली. आधी बांगड्या वाजल्या. मग मावशी म्हणाली, "थांब रं चंदू, दम घेव दे मना. दिपेश जेवला क?" मग तो लांब दम. मग धवला. मी पट्टीवरून बोट काढलं. तिने दम मागितलेला आणि मी कापायला निघालेलो. चुकलो रे. हे एवढं लिहायला बावीस वर्षं लागली. चौदाला सकाळी मशीन घेऊन तुझ्या दारात उभा राहीन. तू आत घेतलंस तरच वायर जोडेन. आणि घेतलंस तर एवढंच सांग, दक्षताच्या हळदीला खूण कुठे ठेवू: मावशीच्या दमावर, की त्याआधी तिने विचारलेल्या तुझ्या जेवणावर?

तुझाच,
ते बटण दुसऱ्यांदा न दाबलेला
चंदू