आईच्या नावाची डबी

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा खोकल्याने मागावरचा धोटा हुकला. तीन आठवडे झाले! अप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पैठणीचा पदर विणताना एकाच मागावर, खांद्याला खांदा. मी खोकले की आईचाही हात थांबतो. "उद्या सरकारी दवाखान्यात जाऊ," म्हणाली. लग्न ९ मेला. शेखर फोनवर विचारतो, "अजून सर्दीच?" हो बाबा, सर्दीच!

४ मार्च

आईने आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे.

दवाखान्याच्या मागे झाडाखाली उभं राहून खोकले, डबीत बेडका काढला. टीबीचं काम बघणाऱ्या स्नेहलताईंनी विचारलं, "नाव?" मी तोंड उघडायच्या आत आईने स्वतःचं आधार कार्ड पुढे केलं. "मलाच हाय खोकला. पोरगी सोबतीला आलीय." डबीवर लिहिलं गेलं — कलाबाई, वय ४७.

बाहेर येऊन तिच्याशी भांडले. तर म्हणते, "लग्न ठरलेल्या पोरीच्या नावावर टीबी चढला तर? पंचवटीपर्यंत, तुझ्या सासरी, बोभाटा व्हायला वेळ नाय लागत. माझं काय, मला कोण बघायला येणार हाय!" आणि हसली. राग आला. बरंही वाटलं. खरं लिहायचं तर बरं जास्त वाटलं.

५ मार्च

टीबीच आहे. शिवाय त्यावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा! मशीनने दोन तासांत दोन्ही सांगून टाकलं. "पूर्वी हे कळायला दोन-दोन महिने जायचे," स्नेहलताई कौतुकाने सांगत होत्या. घरी आल्यावर आई म्हणते, "दोन महिने लागले असते तर तुझं लग्न उरकलं असतं की. मेल्या मशीनला कसली घाई!" हसू का रडू? दोन्ही केलं. मग खोकले.

८ मार्च

एसटीने नाशिकला. औषधं जड, हृदयावर जाऊ शकतात, म्हणून आधी ईसीजी आणि रक्त. सगळं आईचं! वजन तिचं, हृदय तिचं, गोळ्या मला. मी बाकावर तिची पिशवी धरून.

शेखरचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटं. त्याचा फोन आला, "कुठे आहेस?" म्हटलं, "मागावर."

११ मार्च

आमच्या घरी आता नाटक चालतं. स्नेहलताई आल्या की आई मास्क लावून खाटेवर आणि मी चहा ठेवते. त्या गेल्या की मी खाटेवर, मागच्या खोलीत, दाराला बाहेरून कडी. कडी आईनेच घातली — कुणी एकदम आत यायला नको म्हणून. ताट वेगळं, तांब्या वेगळा.

आज गोळ्या आल्या. "रोज माझ्यासमोर घ्यायच्या," स्नेहलताई म्हणाल्या. आईने माझ्याकडे बघितलं. आणि गिळल्या! सगळ्या!

"उद्या गालात धरीन," म्हणते.

१४ मार्च

गालात धरता येत नाही तिला. ठसका लागतो. वर स्नेहलताई म्हणतात, "आ करा बघू." कागदावर चार दिवस औषध चालू आहे. माझ्या पोटात एक गोळी नाही.

म्हटलं, सांगून टाकू. आई म्हणते, "मे महिना जाऊ दे. लग्न झालं की बघू." "म्हणजे शेखरला टीबी देऊन बघू?" तर तोंड फिरवून मागावर बसली. मी ओरडायला गेले, तर खोकलाच आला. वीट आलाय या खोलीचा. आईचा. स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

१७ मार्च

स्नेहलताई चहा घेताना एकदम म्हणाल्या, "हर्षाली, तुझाही खोकला मला बरा वाटत नाही. पेशंटच्या घरातल्यांना तपासावंच लागतं." आणि डबी हातात दिली. तिच्यावर माझं नाव, माझं वय. किती बरं वाटलं! उद्या सकाळी मी खोकणार आणि सुटणार.

१८ मार्च

आईने पहाटेच डबी घेतली. "आण इकडं. माझी साफ थुंकी तुझ्या नावावर जाऊ दे. मग गप बसतील." मोरीत जाऊन खाकरली. पटकन निघालं. "घशात खरखर होतीच हल्ली," म्हणाली.

मी हिसकावून घ्यायला हवी होती. नाही घेतली. का नाही घेतली? ९ मे, दुसरं काय!

१९ मार्च, रंगपंचमी

अख्खं येवला रस्त्यावर. ट्रॅक्टरवर रंगाची पिंपं, ढोल. मी कडीच्या आत. खिडकीच्या फटीतून गुलाबी पाणी आलं, ते पुसून काढलं. शेखरचा फोन, "खेळलीस का रंग?"

"हो. खूप."

२० मार्च

स्नेहलताईंचा फोन. "हर्षाली, घाबरू नकोस. तुझ्याही डबीत टीबी निघाला. तसाच, औषधाला दाद न देणारा."

त्या डबीत थुंकी आईची होती.

मागावरून आई विचारतेय, "साफ आलं ना गं?"

"ताई, फोन ठेवू नका," म्हटलं. "पहिल्या डबीपासून सांगते."