तिसरी पाटी

बाबा, उद्या आपल्या प्रेम नगरच्या घरी नवं ब्रॉडबँड येतंय. 'सर जी, लाइन हम दे देंगे, कम्प्यूटर में नेट वाला कार्ड आप डलवा के रखिएगा,' असं तो कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. मागे वीज पडली तेव्हा कम्प्यूटरमधली वायर लावायची जागाच जळाली होती. मी बाजारातून कार्ड आणलं आणि तुमची सून मोठ गावातल्या शाळेत शिकवून परत यायच्या आत आपणच ते बसवून टाकावं असं ठरवलं. पेचकस शोधायला तुमच्या टेबलाचा खण उघडला, तर वरच त्या दोन लाल पाट्या. एकीवर तुमचं नाव, दुसरीवर तिचं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी ती दुसरी पाटी बघून माझ्या पोटात दुखतं.

तुमच्या कारखान्याचा तो नियम. विजेचं काम करणाऱ्यानं आधी स्विच बंद करून त्याला आपल्या नावाची पाटी अडकवायची, आणि काम संपल्यावर ज्याची त्यानंच काढायची. तुम्ही तो घरीही आणलात. मी बारा वर्षांचा होतो. मे महिना, कूलरचा पंप बिघडलेला, तुम्ही मागे बसून वायर जोडताय, आणि मी उकाड्यानं वैतागून पाटी काढतो, बटण दाबतो. तुम्ही ओल्या फरशीवर फेकले गेलात. मनगट महिनाभर सुजलेलं होतं. मारलं नाहीत. 'यापुढे तू विजेच्या कामाला हात लावायचा नाही,' एवढंच म्हणालात. ती शिक्षा कधी संपणार, हे मात्र सांगितलं नाहीत.

मग ही आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, घरात पहिल्यांदाच ब्रॉडबँड यायचं होतं, आणि तेव्हाही असंच कार्ड बसवायचं होतं. मी ऑफिसातून येतो तर कम्प्यूटर आडवा, आणि तुम्ही दोघं जमिनीवर. 'बेटा, पहले नल छू लो, शरीर की बिजली उतर जाएगी. अब दोनों कोनों पर अंगूठा, बराबर दाब.' इतक्या मऊ आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत. स्विचला कोरी करकरीत पाटी, तिच्या नावाची, तुमच्या वळणदार अक्षरात. मी वाकून बघायला गेलो तर म्हणालात, 'तू जरा लांब उभा राहा रे.' मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. साखर मुद्दाम घातली नाही. तुम्ही दोघांनी तो तसाच पिऊन टाकलात, त्याचाही मला राग आला.

आज कार्ड मी बसवलं. पाटी लावली नाही, कारण कुणाची लावणार? सुरू करून बघतो तर कम्प्यूटरला कार्ड दिसेचना. तेवढ्यात ही आली. पर्स ठेवली, नळाला हात लावला, स्विच बंद करून आपली पाटी अडकवली, कार्ड काढून पुन्हा बसवलं. दोन्ही कोपऱ्यांवर अंगठे. खट्ट आवाज झाला. मग पाटी काढून तिनं कम्प्यूटर सुरू केला, आणि कार्ड दिसलं. न राहवून मी विचारलं, 'बाबा मेरे बारे में कुछ कहते थे?'

'कहते थे, इन्हें बिजली से दूर रखना.' मग पाटी खणात परत ठेवत म्हणाली, 'डरते थे आपके लिए.'

तिनं मन राखायला म्हटलं की खरंच, कोण जाणे. मला पहिलंच वाक्य जास्त मोठ्यानं ऐकू आलं.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापलं. फाटकाचा लाल रंग उरला होता, तो फासला. रात्री ती झोपल्यावर, रंग वाळला तेव्हा, तुमची जुनी वही समोर ठेवून पांढऱ्या रंगात माझं नाव लिहिलं, तुमच्या अक्षरात. तेही वाळल्यावर, जुनी दिसावी म्हणून पाटी फरशीवर घासली आणि खणात त्या दोन पाट्यांच्या खाली सरकवून दिली. हे पत्र तिथे ठेवता येणार नाही, कारण तिला मराठी वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. ते मी फाडून टाकीन. पण पाटी तिला कधीतरी सापडेल. 'देखिए, बाबा ने आपकी भी बनाई थी,' असं ती म्हणेल. मी नाही म्हणणार नाही.