रायफल कोणाच्या हातात

६ जाने., मंगळ.
पोलीस ठाण्यातून फोन आला. लायसनच्या चौकशीला माणूस येणार. सप्टेंबरात अर्ज दिला, जानेवारीत नंबर लागला. कारणं दोन लिहिली होती : नेमबाजी आणि स्वसंरक्षण. तेव्हा एकाने सल्ला दिला होता, "एकच लिहा, लवकर होईल." नाही लिहिलं. दोन्ही खरी आहेत.

प्राचीला सांगितलं. पोरगी दोन वर्षं क्लबात पॉइंट टू-टू मारतेय, कॉलेज सांभाळून. "पप्पा, मोठी रायफल? झकास!" शोभा भाजी निवडत होती. हॉस्पिटलात तिची दुपारची पाळी, डबा घेऊन गेली.

ऑगस्टची ती दुपार डोक्यातून जात नाही. पार्किंगची भांडणं. मागच्या गल्लीतले सात-आठ जण सळया घेऊन गेटवर. खाली मी एकटा. सेक्रेटरी देसाई दुसऱ्या मजल्यावर पडद्याआड उभा होता, मी बघितलं त्याला. पोलीस येईपर्यंत दोन गाड्यांच्या काचा गेल्या, माझी स्कूटर गेली. सतरा वर्षं पलटणीत रायफल वागवली, आणि त्या दिवशी माझ्या हातात काय, तर पोछ्याचा दांडा. त्यांच्यातला एक हसला. ते हसणं.

११ जाने., रवि.
फोर्टला बंदुकीच्या दुकानात जाऊन आलो. आर्मीची स्वतःची जुनी रायफल आपल्याला मिळत नाही, थ्री-नॉट-थ्रीवर बंदीच. मिळते ती थ्री-फिफ्टीन. अंग तेच जुनं मिलिटरीचं, गोळी भरायचा बोल्ट तसाच, फक्त गोळी वेगळी. दुकानदाराने नवीन कोरी काढली. पॉलिश असं की तोंड दिसावं. बोल्ट मागे ओढला, वाळू भरल्यासारखा घासत आला. ट्रिगर तर बैलगाडी ओढल्यासारखा.

"सर, वापरून वापरून मऊ होतं."
म्हटलं, मी मऊ होईन त्याआधी.

त्यानेच सांगितलं, मालाडला एक म्हातारे आहेत, दोन जुन्या विकायच्या आहेत.

१४ जाने., बुध.
संध्याकाळी जिन्यात देसाई भेटला. तिळगूळ दिला. वर, "काय कांबळे, रायफल घेताय म्हणे? लायसनमध्ये पण तुमच्या लोकांना कोटा असेल ना?" आणि हसला. सोबतचे दोघे पण हसले.

मी तिळगूळ खाल्ला. का खाल्ला?

सतरा वर्षं. त्यातली चार बर्फात. कोटा म्हणे.

१८ जाने., रवि.
मालाड. फर्नांडिस अंकल, ऐंशीच्या पुढे. जुनं कौलारू घर, भोवती टॉवर. त्यांचं लायसन मार्चअखेर संपतं, नूतनीकरण करायचं नाही म्हणतात. मुलं परदेशी, कोणाला बंदूक नको. मार्चपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर दोन्ही पोलिसांत जमा करणार.

पहिली : मावझर. युरोपातल्या कुठल्यातरी फौजेची, यांच्या वडिलांनी शिकारीसाठी लाकूड बदलून घेतलेलं. बोल्ट असा सरकला की जणू तेलातच जन्मला. मन गेलं. पण बोल्टवरचा नंबर एक, अंगावरचा दुसरा. दोन रायफलींची एक केलेली. आणि गोळ्या? अंकल म्हणाले, "मॅन, बारा वर्षं मला नाय मिळाल्या."

दुसरी : थ्री-फिफ्टीन. जुन्या घडणीची. दिसायला भिकार. लाकडी बटाच्या मानेला चीर, पितळी तारेने बांधलेली. पण नळी उजेडाकडे धरली : आत स्वच्छ, खळगा एक नाही, आटे धारदार. नंबर जुळतात. खांद्याला लावली तर एनसीसीतली थ्री-नॉट-थ्री आठवली. पंधराव्या वर्षी गावच्या शाळेच्या मैदानावर. आठवडाभर खांदा काळानिळा, आणि मी शर्टाचं बटण उघडं टाकून मिरवत होतो.

अंकलनी विचारलं, "तुमाला कशाला पायजे? स्पोर्टला की भीतीला?"
"दोन्ही."
"मग ही तारवाली घे. मावझर दाखवायला चांगली."

प्राचीला फोटो दाखवले. तिला मावझर आवडली. तिला समजावलं : दिसणं बघायचं नाही. आधी नळी, मग नंबर, मग गोळी मिळते का, मग लाकूड. लाकूड बदलता येतं.
शोभा म्हणाली, "माणूस निवडताना पण एवढं बघितलं असतं लोकांनी."
मी हसलो. ती हसली नव्हती, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

२३ जाने., शुक्र.
अंधेरीला कंपनीत ड्युटीवर होतो तेव्हा चौकशीवाले हवालदार येऊन गेले. घरी शोभा होती. शेजारी, कमिटी, सगळ्यांना विचारलं म्हणे. शोभाला विचारलं, काय म्हणाले? "कागद बघितले. चहा नको म्हणाले."

२९ जाने., गुरु.
पोलीस ठाण्यात गेलो. फाईल पुढे गेलीय, पण एक हरकत आहे. "अर्जदार रागीट आहे, हत्यार देऊ नये" अशा अर्थाची. कोणाची? "ते सांगता येत नाही. मुलाखतीला साहेब विचारतील, तयारीने या." ९ तारखेला.

देसाई. दुसरा कोण? साल्याची ऑगस्टात पडद्याआड टरकली होती, आणि आता मी रागीट. आणीबाणीत गेटवर उभा राहायला कांबळे पाहिजे. पंप बंद पडला, कांबळे. तळमजल्यात पाणी शिरलं, कांबळेचा दोर, कांबळेचा टॉर्च, कांबळेची प्रथमोपचाराची पेटी. हातात लायसनची रायफल आली की मात्र कांबळे रागीट.

पेनाने पान फाटलं. अक्षर बघा.

३१ जाने., शनि.
कमिटीच्या खोलीत गेलो. दे. पावत्या फाडत बसला होता. विचारलं, तू दिलीस का हरकत? तो म्हणाला, "आवाज खाली. इथे बायका-मुलं आहेत." परत विचारलं. तो म्हणाला, "वेडा झालायस काय?"

कॉलर धरली. खुर्चीतून उठवला. वॉचमनने सोडवलं. मारलं नाही. मारलं नाही हे लिहून ठेवतो.

तो ओरडत होता, "मी चांगलं लिहून दिलंय तुझ्याबद्दल! विचार जाऊन! मिलिटरीवाला आहे, सोसायटीला आधार आहे, असं लिहिलंय!"

खोटं वाटलं. खरं असेल तर जास्तच राग येतो. म्हणजे त्याच्या गेटवरचा फुकटचा शिपाई म्हणून मी चांगला.

१ फेब्रु., रवि.
शोभाने सांगितलं.

सकाळी. प्राची रेंजवर गेली होती. मी दे.ला शिव्या देत होतो, ती चादरीच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, देसाईंनी नाही. मी सांगितलं हवालदारांना. माझी हरकत आहे, लिहून घ्या म्हटलं. सही पण केली."

मला आधी समजलंच नाही.

"तू? माझ्याविरुद्ध?"
"तुमच्याविरुद्ध नाही. रायफल घरात येण्याविरुद्ध."
"मला का नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. घरात राहून घात केलास, असं म्हणालो, एवढं आठवतं. ती घडी घालत राहिली. मग वहीकडे बोट केलं. "रोज लिहिता ना? दिवाळीआधी न्हाणीघराच्या दाराला भोक पडलं, ते लिहिलंत?"

नाही लिहिलं.

आज लिहितो. गीझरवाला दुसऱ्यांदा आला नाही म्हणून दारावर बुक्की मारली. प्लायवूड आरपार. आत प्राची होती. ती बाहेर आली नाही, मी हाक मारेपर्यंत. नंतर मीच कॅलेंडर लावलं तिथे.

शोभा म्हणाली, "वॉर्डात मी बायका बघते. सगळ्यांचे नवरे चांगलेच असतात. पहिल्या दिवशी विचारा, प्रत्येकजण सांगते, मारत नाहीत हो, फक्त राग येतो."

मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. कधीच नाही. म्हणालो तसं.
"माहितीय. म्हणून तर अजून बोलतेय तुमच्याशी."

३ फेब्रु., मंगळ.
दोन दिवस बोललो नाही. चिडलोय अजून. पोलिसासमोर? परक्या माणसासमोर? आधी मला सांगायचं, शंभरदा सांगायचं. पलटणीत असा प्रकार कोणी केला असता तर...

पण पलटणीत रायफल संध्याकाळी कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, जमा व्हायची. कुलपात. सही करून. कितीही चिडलो तरी बराकीत हाती काही नसायचं. हे आज चकाल्याच्या सिग्नलला उभा असताना डोक्यात आलं. आणि त्याचाही राग आला.

प्राचीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली हो. मग म्हणाली, "मम्मीने तुला न सांगता करायला नको होतं. पण ती खोटं नाही बोलली, पप्पा."
"तुला भीती वाटते माझी?"
तिने मोबाईल उलटा ठेवला. "रेंजवर नाही वाटत."

५ फेब्रु., गुरु.
दे.चा निरोप, वॉचमनकडून. नोटीस बोर्डावर लेखी माफी लावा, नाहीतर पोलिसात तक्रार. तक्रार झाली की लायसन गेलं, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

वर गेलो. दारातच म्हणालो, "हरकत तुमची नव्हती. चूक माझी. कॉलर धरली, तीही चूक."
"ते बोर्डावर लिहा."
"तोंडावर सांगितलं. बोर्डावर नाही. आणि कोट्याचं जे बोललात, ते तुम्ही बोर्डावर लिहिता का?"
मागून त्याची बायको बोलली, "काय बोललात हो तुम्ही यांना?" दार लावलं त्याने.

तक्रार करेल की नाही, माहीत नाही. करू दे. माझा आवाज मात्र चढला नाही. हे शोभाला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

७ फेब्रु., शनि.
अंकलचा फोन. दुसरं एक गिऱ्हाईक आलंय, ठाण्याचं. मावझर हवीय त्याला, फोटोत मिरवायला; तारवालीही नेईन म्हणतो. अंकलनी त्याला थांबवून ठेवलंय. "तारवाली तुझ्यासाठी आहे. पण मला सांग, येस की नो."
साहेबांकडून आल्यावर सांगतो म्हटलं.

न्हाणीघराचं दार बघून घ्यायला सुताराला बोलावलं. उद्या येतो म्हणाला.

९ फेब्रु., सोम.
मुलाखत. साहेब तरुण, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. फाईल उलटसुलट केली. सेवेचे कागद चांगले, मेडिकल चांगलं, क्लबचं पत्र चांगलं. मग ते पान आलं.

"पत्नीची हरकत आहे. घरगुती वाद आहे का काही?"
येताना मेट्रोत उत्तर तयार केलं होतं. बाई घाबरट आहे, समजूत काढलीय, वगैरे. हरकत मागे घेतल्याची तिची सहीही आणतो म्हणणार होतो.

म्हणालो, "वाद नाही साहेब. ती बरोबर सांगतेय. राग येतो मला."
"किती?"
"आठ-दहा दिवसांपूर्वी एकाची कॉलर धरली. चूक त्याची नव्हती. म्हणजे, त्या गोष्टीत नव्हती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. लोक असं सांगत नाहीत म्हणाले. मग विचारलं, रायफल क्लबच्या कोठारात राहिली, घरी आणलीच नाही, तर चालेल का? तशी सोय असेल तर क्लबकडून लिहून आणा, बघता येईल.

मी म्हटलं, मग स्वसंरक्षणाचं काय? तोंडातून निघून गेलं. गेटवरची ती दुपार, ते हसणं.

ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. दोन कारणं तुम्ही लिहिलीत. एक खोडायचं असेल तर सहीने खोडा."
वेळ मागितला. पंधरा दिवस दिले.

घरी शोभाला सगळं सांगितलं, कॉलरसकट. ती ऐकून घेत होती, चहा गार झाला तिचा.
"मग? खोडणार?"
"माहीत नाही."
"उद्या परत आली ती माणसं गेटवर, तर?"
तिने हे विचारावं! हरकत तिची, आणि प्रश्नही तिचाच. चिडलो. म्हणालो, तेच तर मी ऑगस्टपासून ओरडून सांगतोय.
"ओरडून," ती म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

अर्जाची झेरॉक्स पुढ्यात आहे. दुसऱ्या कारणावर पेन टेकवून बसलोय. अंकलचा फोन वाजून गेला दोनदा.